न विचारता घेतलेलं घर

संपादक फोनवर म्हणाले, "आहेर मॅडम, स्पेनमधली घरं नाशिककरांना विकणारी बाई, हा विषयच गमतीचा आहे. दिवाळीसाठी चार किस्से द्या की." किस्से माझ्याकडे पोतंभर आहेत हो. पण लिहायला बसलं की एकच घर डोळ्यांसमोर येतं आणि बाकीचे ग्राहक आपोआप मागे सरतात. ते घर गमतीचं नाही. संपादकांना नको असेल तर त्यांनी परत पाठवावं, मी काही वाईट वाटून घेणार नाही.

आधी धंदा काय होता ते सांगते, कारण लोकांना वाटतं मी विमानातून हिंडत मजा मारत होते. गंगापूर रोडला माझं दीड खोलीचं ऑफिस होतं. मुलगा जर्मनीत, मुलगी आयर्लंडमध्ये आणि आईबाप नाशकात, अशी घरं आपल्याकडे गल्लोगल्ली झाली आहेत. आईबाप तिकडे जातात आणि थंडीनं आखडून परत येतात. मग मुलं म्हणतात, स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर एक घर घेऊ, तिथे ऊन आहे, समुद्र आहे, आम्हीही दोन तासांत येऊ शकतो. नाशिकच्या माणसानं ऊन विकत घ्यायला एवढ्या लांब जावं, याचं मला पहिलं वर्षभर हसू यायचं. नंतर सवय झाली.

काम साधं होतं. मी तिकडे जायची, फोन हातात धरून घर फिरायची, आणि इकडे सोफ्यावर बसून सगळं खानदान ते बघायचं. नळ सोडून दाखवायची, खिडक्या उघडून दाखवायची. मालेगावचे एक सुताचे व्यापारी होते, हाजीसाहेब. त्यांनी समुद्राकडे ढुंकूनही बघितलं नाही. म्हणाले, "बेटी, समंदर देख लिया. किब्ला किस तरफ है, वो बता." नमाजाची दिशा शोधत मी होकायंत्र घेऊन त्या घराच्या गच्चीवर अर्धा तास गोलगोल फिरले. घर पसंत पडलं की ग्राहक माझ्या नावानं मुखत्यारपत्र करून द्यायचे आणि मी तिथल्या नोटरीपुढे सही करून किल्ली घ्यायची. तिकडे जुनी घरं पुष्कळदा सामानासकट विकतात. कपाटं, पलंग, ताटवाट्या, सगळं. आपल्या लोकांना दुसऱ्याच्या पलंगावर झोपायचं म्हटलं की अंगावर काटा येतो, पण फुकट मिळालेलं कपाट टाकवतही नाही.

आणि माझं एक ठरलेलं वाक्य होतं. ग्राहक हो-नाही करायला लागला की मी आवाज खाली आणून म्हणायची, "घर आपण निवडत नाही, घर आपल्याला निवडतं." हे मी शेकडो वेळा म्हटलं असेल. बायकांचे डोळे लगेच पाणावायचे आणि पुरुष खिशातलं पेन काढायचे.

या वाक्यासारखाच माझा एक नियमही होता, पण तो मनापासूनचा होता. तो मी घोटीत शिकले. तेव्हा मी इथल्याच जमिनी विकायची. घोटीजवळ एक भाताचं शेत नाशिकच्या डॉक्टरांना फार्महाऊससाठी घेऊन दिलं. तीन मुलांनी सह्या केल्या, म्हातारीनं अंगठा दिला, कागदात काना-मात्रेची चूक नव्हती. डॉक्टरांनी कुंपण घातलं. दुसऱ्या दिवसापासून म्हातारी कुंपणाला पाठ लावून बाहेर बसायला लागली. रोज. बोलायची नाही, शिव्या द्यायची नाही. मी समजवायला गेले तर म्हणाली, "अंगठा दिला व्हता बाई, जमीन नाय दिली. मला कुनी इचारलंच नाय." डॉक्टरांच्या बायकोला तिथे झोप लागेना. विहीर खणली, पाणी लागलं, तरी त्यांनी ती जागा दोन वर्षांत सोडून दिली. तेव्हापासून कागद कितीही पक्के असले तरी मी विकणाऱ्याच्या घरी जायची, त्याच्या हातचं पाणी प्यायची आणि विचारायची, "दिलं ना?" त्यानं स्वतःच्या तोंडानं "दिलं" म्हटल्याशिवाय मी किल्ली उचलत नसे. स्पेनमध्येही हे सोडलं नाही. तिथले दलाल हसायचे, हसू देत.

एकदाच सोडलं. त्याचंच हे सगळं.

दिनकरराव सातपूरला एका कारखान्यात टूलरूमचे फोरमन होते. बोलायला मोजके, नजर मायक्रोमीटरची. त्यांची बायको मालतीकाकू बरोबर उलट्या. ऑफिसात आल्या की आधी माझ्या टेबलाची धूळ पदरानं पुसायच्या, मग डब्यातून आणलेलं काहीतरी पुढे करायच्या आणि माझ्या बारीक होण्यावर भाषण द्यायच्या. त्यांचा मुलगा अमोल जर्मनीत. काकूंना संधिवात, तिकडची थंडी सोसवेना, म्हणून त्यानं किनाऱ्यावर घर बघायला सांगितलं.

मी ते घर बघायला गेले तेव्हा हिवाळा होता. अशा वसाहतीत हिवाळ्यात कधी गेला नसाल तर सांगते. पांढरीशुभ्र घरं, चकचकीत ऊन, मधोमध निळ्या पाण्याचा तलाव, आणि माणूस एकही नाही. मालक उन्हाळ्यात येणार, तोवर सगळ्या खिडक्यांच्या सरकत्या झडपा खाली ओढलेल्या. भर दुपारी बारा वाजता त्या रस्त्यावरून चालताना माझ्याच चपलांचा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत यायचा. आपल्याकडे सुनसान म्हटलं की अंधार डोळ्यांपुढे येतो. मला तेव्हापासून ऊन येतं.

घर एका म्हाताऱ्या बाईचं होतं. पिलार नाव. मी आपलं पिलारबाई म्हणते. त्या वृद्धाश्रमात होत्या आणि त्यांचा भाचा घर विकत होता, त्यांच्या मुखत्यारपत्रावर. मी फोन चालू केला. नाशकात काकू आणि दिनकरराव सोफ्यावर बसले होते. हॉल झाला, स्वयंपाकघर झालं, मागची लहान खोली आली. तिथे भिंतभर कपाट होतं.

काकू म्हणाल्या, "वंदना, ते कपाट जरा सरकव गं. मागची खिडकी दिसू दे."

"काकू, इथे खिडकी नाही."

"आहे. बघ तर खरं."

भाच्यानं आणि मी मिळून कपाट सरकवलं. मागे खिडकी होती. झडप वर ओढली तर समोर सगळा समुद्र. भाचा नुसता बघत राहिला. त्याला म्हणे लहानपणापासून तिथे कपाटच आठवत होतं. अमोलला पाठवलेल्या नकाशात ती खिडकी असेल, काकूंनी नकाशा पाहिला असेल, अशी मी माझी समजूत घातली. काकूंना गॅसच्या पुस्तकातलं चित्र कळत नव्हतं, नकाशा कुठला कळतोय. पण मला तेव्हा सौदा दिसत होता. मी फोन तोंडाजवळ आणला आणि आवाज खाली घेऊन म्हटलं, "काकू, या घरानं तुम्हाला निवडलंय."

सहीच्या आदल्या दिवशी मी भाच्याला म्हटलं, "मावशींना एकदा भेटते." तो म्हणाला, "ती कुणालाच ओळखत नाही. आश्रम दोन तासांवर आहे. कशाला?" दुसऱ्या दिवशी सही आणि संध्याकाळचं माझं विमान. पाय सुजले होते. मी म्हटलं, जाऊ दे. कागद पक्के होते, नोटरीनं दोनदा वाचून दाखवले. मी किल्ली उचलली आणि नाशिकला आले.

पुढच्या महिन्यात ते दोघं राहायला गेले. गृहप्रवेशाला मीही होते, कारण काकूंनी मला लेकीसारखं बोलावलं होतं. हळदीकुंकू मी इथूनच नेलं. काकू उंबरा ओलांडून आत गेल्या त्या थेट अंधाऱ्या स्वयंपाकघरात, आणि दाराच्या मागे हात घालून दिवा लावला. ते बटण सापडायला मला पहिल्या दिवशी दहा मिनिटं लागली होती. दिवा लावून त्या वळल्या आणि मोठा श्वास सोडून म्हणाल्या, "आले बाई एकदाची घरी."

आपल्याकडे म्हणतात ना, वास्तू तथास्तु म्हणत असते, घरात बोलताना जपून बोलावं. मला एकदम ते आठवलं. दिनकरराव मात्र खूश होते. म्हणाले, "चला, हिला आवडलं. माझं काम झालं."

व्हिसा तीन महिन्यांचा होता. मुदत संपायला दोन आठवडे राहिले असताना दिनकररावांचा फोन आला. हा माणूस कधी फोन करत नाही. आधी हवापाणी बोलले. मग म्हणाले, "मॅडम, काल हिनं मला विचारलं, तुम्ही कधी जाणार?"

"म्हणजे नाशिकला?"

"नाही. मला विचारलं. ‘आपण कधी जाणार’ असं नाही, ‘तुम्ही कधी जाणार’. पाहुण्याला विचारतात तसं. चांगल्या आवाजात विचारलं."

मला आधी वाटलं, काकू चिडवत असतील. त्यांनी पुढे सांगितलं, काकू आता मागच्या लहान खोलीत झोपतात. टेबलावर एकच कप मांडतात. अमोलशी फोनवर बोलायचं टाळतात. अमोल म्हणतो, वयाचा आजार आहे, विसरभोळेपणाची सुरुवात आहे, डॉक्टरांना दाखवू. "असेल," दिनकरराव म्हणाले, "पण विसरणारा माणूस चाचपडतो हो. ही चाचपडत नाही. हिला या घरातलं सगळं ठाऊक आहे. फक्त मी कोण, तेवढं ठाऊक नाही."

मी तिसऱ्या दिवशी तिथे पोचले. पैसे माझेच घातले, घालायलाच हवे होते. दार काकूंनीच उघडलं. अंगावर साडी नव्हती. कपाटातला पिलारबाईंचा निळा सुती झगा होता, पायात त्यांच्याच सपाता. माझ्या बारीक होण्यावर एक शब्द नाही. मला बसवलं, कॉफी दिली. दिनकरराव कोपऱ्यात उभे, स्वतःच्या घरात कुठे बसावं ते न कळल्यासारखे. काकू त्या खिडकीशी खुर्ची ओढून बसल्या. बराच वेळ समुद्राकडे बघून माझ्याकडे वळल्या आणि आपल्या स्वच्छ मराठीत म्हणाल्या,

"तुम्ही त्याच ना? भाच्याबरोबर आलेल्या?"

मी मान डोलावली.

"माझं कपाट हलवलंत. सगळ्या घराचे फोटो काढलेत. आणि मला विचारलं नाही."

आवाजात राग नव्हता. घोटीच्या म्हातारीच्या आवाजातही नव्हता. मी कप खाली ठेवला. फोनवर दिसलेला तो माणूस मालकिणीचा भाचा, हे मी काकूंना कधीच सांगितलं नव्हतं. तो उजेड, तो समुद्र, समोरच्या सगळ्या बंद झडपा, आणि त्या घरात आम्ही तिघं. मला पळून जावंसं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

बाहेर पायरीवर बसून मी दिनकररावांना सगळं सांगितलं. माझा नियम काय आणि मी तो कसा मोडला. वाटलं होतं, हा माणूस मला उभी जाळेल. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मग विचारून येऊ. उशीर झालाय, पण विचारू." कारखान्यात यंत्रावरचा जॉब बिघडला तर आधी माप घेतात, तसं ते बोलत होते.

माझी तिथली दुभाषी इनेस, तिनं गाडी काढली. काकू यायला तयार नव्हत्या. वसाहतीतली झाडं बघायला येणाऱ्या एका बाईच्या स्वाधीन त्यांना करून आम्ही निघालो. मी पर्समध्ये घराची किल्ली घेतली. मनात ठरवलं होतं, बाईंच्या हातावर किल्ली ठेवायची, पाया पडायचं, त्या "दिलं" म्हणाल्या तर ठीक, नाही म्हणाल्या तर घर परत करायला मी भाच्याच्या दारात बसायचं.

आश्रम स्वच्छ होता. परिचारिका बोलकी होती, चालता चालता इनेसला सांगत होती आणि इनेस मला. पिलारबाई वर्षभर अगदी शांत होत्या, नुसत्या पडून. पण गेल्या अडीच-तीन महिन्यांपासून वेगळंच चाललंय. मासळी तोंडात घेत नाहीत, मांसाचं सूप सारून ठेवतात. या किनाऱ्यावरची बाई, जन्मभर मासळी खाल्लेली. नुसता भात मागतात, त्यावर दही घेतात. आणि समोर टेबल दिसलं की पुसत बसतात. "आणखी एक करतात," परिचारिका म्हणाली, "ते काय आहे, आम्हाला कळत नाही."

दार उघडलं आणि आम्हाला कळलं.

पिलारबाई पलंगाच्या कडेला उभ्या होत्या. लहानखुऱ्या, गोऱ्या, पांढरे केस कापलेले. त्यांनी पलंगावरची चादर कमरेभोवती घेतली होती आणि उरलेल्या काठाच्या निऱ्या घालत होत्या. एकेक निरी बोटांत धरून, हलकी ओढून, सारखी करून. जन्मात कधी साडी न नेसलेली बाई अशा निऱ्या घालू शकत नाही, कुठल्याही बाईला विचारा, ती शपथेवर सांगेल.

दिनकरराव पुटपुटले, "डाव्या हातानं. मालती डावरी आहे."

मी कशीबशी पुढे झाले. किल्ली पिलारबाईंच्या तळहातावर ठेवली, इनेसकडून विचारलं, "बाई, तुमचं घर तुम्ही दिलंत का?" त्यांनी किल्ली उलटीपालटी करून बघितली आणि दुसऱ्याची वस्तू परत करावी तशी अदबीनं माझ्या हातात परत दिली. त्यांना ती ओळखीची नव्हती. मी पुन्हा विचारलं, इनेसनं पुन्हा विचारलं. मग मी थांबले. जिला विचारायचं होतं ती बाई या खोलीत नव्हती. ती दोन तासांवर, खिडकीपाशी बसली होती.

पिलारबाई दिनकररावांकडे बघत होत्या. त्यांनी चादरीचा एक पदर खांद्यावर घेतला, पलंगावर बसल्या आणि शेजारची जागा हातानं झाडून साफ केली. दिनकरराव जाऊन बसले. त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच आहे. सातपूरला नोकरी लागली त्या वर्षी प्रेस मशीनखाली गेलं. पिलारबाईंनी तो हात घेतला, न बघता ते बोट शोधलं आणि मुठीत घट्ट धरलं.

दिनकररावांनी हात तसाच राहू दिला. म्हणाले, "सिनेमाला गेलो, लग्नाला गेलो, कुठेही बसलो की ही असंच धरते. लोकांच्या लक्षात येऊ नये म्हणून पदराखाली."

दुपारचं ऊन खोलीभर होतं. इनेस दारातच रडत होती. मी इनेसला म्हटलं, बाहेर चल. आम्ही तासभर बाहेरच्या बाकावर बसलो. दिनकरराव आले तेव्हा शर्टाचं वरचं बटण कुणीतरी लावलेलं होतं. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि हिशेबी आवाजात, टूलरूममध्ये विचारतात तसं विचारलं, "मॅडम, रविवारचं विमान आहे. मी घरी कुणाला न्यायचं?"

लोकांच्या घरांचे प्रश्न मी तीस वर्षं सोडवले. हा प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारा. अमोलला विचारा, तो आजाराचं नाव सांगेल. आश्रमातल्या डॉक्टरांना विचारा, तेही त्याच आजाराचं नाव सांगतील. दोन बायका, एकच आजार, एकच महिना. असेल बापडं. मी माझ्यापुरतं एवढंच म्हणते की एका म्हातारीला मी विचारलं नाही, आणि किंमत भरली ती चांगुलपणानं माझं टेबल पुसणाऱ्या बाईनं. धंदा मी त्या वर्षी बंद केला.

रविवारी विमानतळावर मी त्यांच्याबरोबर होते. काकूंना आम्ही साडी नेसवली होती, त्या शहाण्यासारख्या उभ्या होत्या, परक्या गावी निघालेल्या माणसासारख्या. काचेमागच्या अधिकाऱ्यानं पासपोर्टवरचा फोटो बघितला, काकूंकडे बघितलं, परत फोटो बघितला. त्यानं काकूंना जवळ यायला सांगितलं. खूप वेळ लागला. देवाशपथ सांगते, मला वाटत होतं यानं नाही म्हणावं. म्हणावं की या त्या नव्हेत.

त्यानं शिक्का मारला. दिनकररावांनी काकूंच्या हाताला धरून त्यांना पुढे नेलं, हळू, नवख्या पाहुणीला नेतात तसं. आणि ते स्वतः मात्र मान वळवून मागच्या दाराकडे बघत राहिले, जिथून आम्ही आत आलो होतो, तिथून अजून कुणी यायचं राहिल्यासारखे.